तलावात न जन्मलेले मासे

मोंडुरान तलावातला एकही बॅरामुंडी त्या तलावात जन्मलेला नाही. हा मासा गोड्या पाण्यात खुशाल वाढतो, पण खाऱ्या पाण्याशिवाय त्याची वीण होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठे मासे नदीच्या मुखाशी जमतात, तिथे अंडी सोडतात, आणि पिल्लं खाजणांतून, ओढ्या-नाल्यांतून वर सरकत गोड्या पाण्यात येतात. क्वीन्सलंडमधल्या कोलन नदीवर १९७०च्या दशकात फ्रेड हेग धरण उभं राहिलं ते बंडाबर्गकडच्या उसाला पाणी मिळावं म्हणून. त्या धरणामागे अनेक फाट्यांचा जो जलाशय पसरला तो मोंडुरान. पाणीसाठा वीसेक टीएमसी. समुद्राकडून येणाऱ्या पिल्लाला धरणाची भिंत चढता येत नाही आणि आतल्या माशाला पिल्लं होत नाहीत. तेव्हा आज तिथे मीटरभर लांबीचा जो मासा गळाला लागतो, तो बोटाएवढा असताना कुणीतरी प्राणवायू भरलेल्या पिशवीतून आणून पाण्यात सोडलेला असतो.

त्या पिशव्या भरणाऱ्यांपैकी मी एक. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि आता क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या एका हॅचरीत काम करते. मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की साधारण दीड दिवसाने ती अंडी सोडते. अंडं मिलिमीटरहूनही बारीक. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास ठेवलं तर पंधरा-सोळा तासांत त्यातून डिंभ बाहेर येतो. त्याच्या तोंडात मावेल असं खाद्य म्हणजे रॉटिफर हे सूक्ष्म जीव, ते आधी आम्हीच वाढवायचे, मग आर्टेमिया, मग कोरडा चुरा. तीनेक आठवड्यांनी त्या डिंभाला माशाचं रूप येतं आणि तेव्हापासून खरी झोप उडते, कारण ही पिल्लं एकमेकांना खातात. आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंड हा मासा सहज गिळतो. एका टाकीत चार पिल्लं जरा जोमाने वाढली की आठवडाभरात आजूबाजूचं पाणी रिकामं दिसू लागतं. म्हणून दर दोन-चार दिवसांनी टाकी उपसायची, पिल्लं चाळणीतून काढायची आणि लहान, मधली, मोठी अशी वेगळी करायची. तांदूळ निवडायला बसल्यावर जशी मान आणि डोळे एका जागी बांधले जातात, तसे तास जातात. फक्त हे तांदूळ उड्या मारत असतात आणि त्यांना जरा जास्त वेळ हातात धरलं तर मरतात.

या कामातून मला बॅरामुंडी ओळखता आला तो मिलिमीटरमध्ये, जगण्याच्या टक्केवारीत, पाण्याच्या क्षारतेत. मोठे मासेही मी रोज बघते. आमच्या जनक टाक्यांत ते आहेत. पण ते खाद्याच्या वेळेला कडेला येऊन थांबतात, माणसाची सावली पडली तरी हलत नाहीत. आम्ही सोडलेलं पिल्लू धरणात गेल्यावर काय होतं, कुठे राहतं, काय खातं, कशाला घाबरतं, हे मला केवळ अहवालांतून माहीत होतं. एका मत्स्यबीज संघटनेत स्वयंसेवक असलेल्या आणि एरवी याच तलावावर गाईडचं काम करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "एक दिवस येतेस का? तुझी पोरं दाखवतो." मी सुट्टी टाकली.

माझ्या जाण्याला आणखी एक कारण होतं. हाच मासा आमच्या घरचा आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात त्याला जिताडा म्हणतात, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी. भारतातली आणि ऑस्ट्रेलियातली वंशशाखा जनुकीय अभ्यासांत वेगवेगळी दिसते, तरी पुस्तकातलं नाव दोन्हीकडे लेट्स कॅल्कॅरिफर हेच. माझे आजोबा पावसाळ्यात बांधाच्या उघाडीजवळ पाग टाकून जिताड्याची पिल्लं धरायचे आणि घरामागच्या तळ्यात सोडायचे. तळं पावसाच्या पाण्याचं. तिथेही वीण नाही, तिथलाही प्रत्येक मासा हाताने आणलेला. आजोबांना त्याचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण खाडीतलं पिल्लू तळ्यात सोडण्याआधी ते घमेल्यात थोडं थोडं गोडं पाणी घालत बसायचे. "घाई नको करू बाय, त्याला सवय होऊ दे," एवढंच म्हणायचे. आज मी तेच क्षारतामापक हातात घेऊन करते. मग तीन-चार वर्षांनी, सणाला किंवा घरात कुणाचं लग्न ठरलं की जाळं पडायचं. जिताडा घरच्यांसाठी क्वचित. तो जावयासाठी, व्याह्यांसाठी, ज्याच्याकडे काम अडलंय त्या साहेबासाठी. माशाची किंमत त्याच्या चवीत होती तेवढीच त्याच्यावर खर्ची पडलेल्या वर्षांत होती, हे मला लहानपणी कळत नव्हतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरच्या दुपारपासून १ फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत नदी-खाडीत बॅरामुंडी धरायला बंदी असते. तो विणीचा काळ. धरणांतल्या सोडलेल्या माशांना मात्र ही बंदी लागू नाही. जिथे वीणच नाही तिथे ती राखायची कशासाठी? तलावात गळ टाकायला वेगळा परवाना काढावा लागतो आणि त्या पैशाचा मोठा हिस्सा पुन्हा मत्स्यबीज सोडणाऱ्या स्थानिक संघटनांकडे जातो. ही व्यवस्था मला फार आवडते. मासा धरणाऱ्याने पुढच्या माशाचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि ते कुठल्या तिजोरीत गडप न होता त्याच पाण्यात परत येतात.

गिन गिन गावापासून तलावापर्यंत रस्ता उसातून आणि गुरांच्या कुरणांतून जातो. पहाटे धक्क्यावर पोचले तेव्हा गाईड बोटीच्या पुढच्या विजेच्या मोटरची तार तपासत होता. ही मोटर आवाज करत नाही, आणि उपग्रहाच्या मदतीने वाऱ्यातही बोट एका जागी धरून ठेवते, नांगर टाकावा लागत नाही. रॉड आखूड आणि ताठ, रीळ हातात मावणारं. त्यावर विणलेली दोरी, आणि तिच्या टोकाला वावभर जाड नायलॉनचा लीडर. जिताड्याचे दात बारीक, कानशीसारखे असतात. ते दोरी तोडत नाहीत, पण झुंज लांबली की घासून घासून झिजवतात. कल्ल्यावरच्या झाकणाची कड मात्र सुरीला हरवते. हॅचरीत मी त्यासाठीच जाड हातमोजे घालते, आणि तिथे माझ्या बोटांवर जुन्या खुणा आहेत.

ल्यूर म्हणजे खोटं आमिष. काही टणक, माशाच्या आकाराची, पाण्यात ना बुडणारी ना तरंगणारी. काही मऊ रबराची, हलती शेपटी असलेली. या तलावात बोनी ब्रीम नावाच्या चंदेरी, चपट्या माशांचे थवे असतात आणि बॅरामुंडीचं पोट मुख्यतः त्यांच्यावर भरतं. म्हणून आमिषही त्याच अंगाचं. धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं अजून उभी आहेत. पांढरी पडलेली, बिनपानाची खोडं पाण्यातून वर आलेली. त्यांच्या मधून आमिष टाकायचं, दोनदा टिचकी द्यायची, आणि थांबायचं.

त्या थांबण्यातच सगळं आहे, असं गाईड म्हणाला. नवखा माणूस हात हलवत राहतो. बॅरामुंडी आमिषाच्या मागे मागे येतो, आमिष थांबलं की तोही थांबतो, कल्ले हलवत बघत राहतो. मग एकदम तोंड उघडतो. तो चावत नाही. जबडा आणि कल्ले एका क्षणात फाकवून समोरचं पाणीच आत ओढतो आणि त्याबरोबर भक्ष्य जातं. पृष्ठभागाजवळ हे घडलं तर जो दणका ऐकू येतो त्याला इथले लोक 'बूफ' म्हणतात. माझ्या टाकीतली पंधरा मिलिमीटरची पिल्लं भावंडांना गिळतात ती अगदी याच रीतीने. आवाज येत नाही एवढाच फरक.

सकाळ अशीच गेली. झाडांमध्ये आमिष टाकत राहिलो. एकदा पाण्याखाली सोनेरी झाक दिसली, आमिषाच्या मागे एक रुंद, काळपट पाठ बोटीपर्यंत आली आणि वळून खाली गेली. माझे हात थरथरले. इतकी वर्षं या माशाला मी खाद्य दिलंय. त्याने माझ्याकडे बघून नकार दिला तो पहिल्यांदाच. मला त्याचा आनंद झाला, हे इथे सांगितलंच पाहिजे. हॅचरीतलं पिल्लू माणसाची सावली दिसली की वर येतं. सोडल्यावर ते तसंच वागलं तर पहिल्याच दिवशी पाणकावळ्याच्या पोटात जाईल, ही भीती आम्हा सगळ्यांच्या मनात असते. इथे समोर एक मासा होता ज्याने ती सवय टाकली होती, वर्षानुवर्षं टाकून जगला होता.

दुपारी उत्तरेचा वारा सुटला. मी मनात म्हटलं, आता थांबावं लागणार. गाईड उलट खूश झाला. वारा दिवसभर तापलेलं वरचं पाणी ढकलत दक्षिणेच्या खाड्यांत साठवतो. आम्ही वाऱ्याच्या तोंडावरच्या एका उथळ खाडीत गेलो, जिथे पाणवनस्पतींचा पट्टा काठापासून बराच आत आला होता. यंत्रावर पाण्याचं तापमान बघितलं तर झाडांमधल्यापेक्षा दोन अंशांनी जास्त. यंत्रावरचं ते तापमान माझ्या ओळखीचं होतं. आमच्या टाक्यांत आम्ही वीज जाळून नेमकं तेवढंच तापमान राखतो, कारण त्याला हा मासा सगळ्यात चांगला खातो. पारा विसाच्या खाली गेला की खाणं जवळपास बंद. मोंडुरान हे बॅरामुंडीच्या नैसर्गिक पट्ट्याच्या दक्षिण टोकाजवळ आहे, त्यामुळे इथला हिवाळा त्याच्या सोसण्यापलीकडे जाऊ शकतो. अशा तलावांत कडक थंडीत मोठे मासे मरून काठाला लागल्याच्या घटना आहेत. गाईडला हे वाऱ्यावरून कळतं, मला थर्मामीटरवरून. माशाला ते अंगावरच कळतं आणि तो त्या खाडीत येऊन थांबतो.

आवाजलहरींनी चित्र काढणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वनस्पतींच्या कडेला लांबट ठिपके दिसत होते, प्रत्येकाच्या मागे काळी सावली. या यंत्रांबद्दल माझं मन पूर्ण स्वच्छ नाही. आता तर अशी यंत्रं आली आहेत की त्यांवर मासा प्रत्यक्ष हलताना, आमिषाकडे वळताना दिसतो. मासा इतका दिसू लागला तर लपण्याचा त्याचा हक्क किती उरतो? गाईडचं म्हणणं वेगळं होतं: दिसतो, पण खात नाही, म्हणून माणूस शिकतो. त्या दिवशीपुरतं तरी ते खरं ठरलं. पडद्यावर ठिपके होते आणि दोरी सैल होती.

ऊन कलल्यावर मऊ रबराचं आमिष वनस्पतींच्या कडेने संथ ओढत होते. हूक त्या रबराच्या पाठीत लपलेला, म्हणून तो पानांत अडकत नाही. थांबले. दोरी क्षणभर ढिली पडली आणि मग खांद्यापर्यंत धक्का आला. मासा उभाच्या उभा पाण्याबाहेर आला, कल्ले फाकवून डोकं झटकत. पहिला विचार सुटेल हा नव्हता. पहिला विचार होता, केवढा झालाय.

त्याने वनस्पतींत शिरायचा प्रयत्न केला. गाईड शांतपणे म्हणत होता, "रॉड खाली, आडवा धर. उडी मारू देऊ नकोस." काही वेळाने तो बोटीशी आला आणि रबरी जाळ्यात गेला. रबरी अशासाठी की सुती किंवा नायलॉनच्या गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, आणि तो थर गेला की बुरशी लागते. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, अशाच अवस्थेत हूक काढला. मग ओली केलेली मोजपट्टी अंथरून एकदा लांबी घेतली: मीटरला थोडीशीच कमी. कल्ल्यामागच्या सोनेरी खवल्यांवर हात ठेवला तेव्हा कल्ल्याचा ठोका तळव्याला लागत होता. मी त्याला एक हात जबड्याखाली आणि एक पोटाखाली असा आडवाच धरला. याबाबत मी कुणाशीही भांडायला तयार आहे. एवढा जड मासा नुसत्या जबड्याने उभा टांगून फोटो काढला तर मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर त्याचं सगळं वजन येतं. पाण्यात सोडल्यावर तो पोहत जातो, माणूस समाधानाने घरी जातो, आणि मासा नंतर मरतो. ज्या पिल्लाला हातात दोन क्षण जास्त धरू नये म्हणून आम्ही जीव टाकतो, त्याने एवढी वर्षं काढल्यावर त्याला असं टांगायचं?

या लांबीचा मासा बहुधा मादी असतो. बॅरामुंडी आधी नर होतो, काही वर्षं नर म्हणून जगतो आणि पुढे मादी बनतो. नदीत एकशे वीस सेंटिमीटरवरचा मासा ठेवायला कायद्याने मनाई आहे, कारण त्या मोठ्या माद्यांच्या पोटात लाखो अंडी असतात. तलावातल्या मादीच्या अंड्यांना मात्र कधीच समुद्र मिळत नाही. मग तिला सोडायचं कशासाठी? मी हे गाईडला विचारलं, कारण हॅचरीत आम्ही यावर बऱ्याचदा वाद घालतो. तो म्हणाला, "आणखी कुणाला तरी भेटावी म्हणून." मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. बोटाएवढं पिल्लू मीटरभर होण्यासाठी जी वर्षं लागली त्यांत ते किती पक्ष्यांना, कॅटफिश माशांना, थोरल्या बॅरामुंडींना आणि माणसांना चुकलं, याचा हिशोब कुणाकडे नाही. तितकी वर्षं पुन्हा पैसे देऊन विकत घेता येत नाहीत. आमच्याकडे ऑर्डर देऊन हजार पिल्लं मिळतील, पण मीटरभर मासा मिळणार नाही.

खाण्याला माझा विरोध नाही. आजोबांनी तळ्यात जिताडा सोडला तो खाण्यासाठीच. साठ-सत्तर सेंटिमीटरचा एखादा मासा घरी न्यावा, हक्काने न्यावा. परवान्याचे पैसे भरलेत. तलावातल्या माशाला कधी कधी मातकट वास येतो हेही खरं. पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या चरबीत साठतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तोही याच द्रव्याचा. आमच्या तळ्यातल्या जिताड्यालाही उन्हाळ्याच्या शेवटी तो वास यायचा आणि आई त्याला चिंच-कोकमाचं आगळ लावून ठेवायची. पण मोठी मादी सोडावी, असंच मला वाटतं. मी ती सोडली. शेपटीचा एक फटका, हातावर पाणी, आणि ती वनस्पतींच्या पट्ट्याखाली गेली.

परतताना गाईड पुरांबद्दल बोलत होता. डिसेंबर २०१० मध्ये याच तलावात ४४.६ किलोचा बॅरामुंडी गळाला लागला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्यानंतर लगेचच पूर आले, पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये आले, आणि सांडव्यावरून पाण्याबरोबर मोठमोठे मासे खाली गेले. सांडव्याच्या काँक्रीटवर आपटून कितीतरी मेले. जे वाचले ते कोलन नदीतून समुद्राकडे गेले. हॅचरीच्या टाकीत जन्मलेल्या, धरणात वाढलेल्या माशांना तेव्हा पहिल्यांदा विणीचं पाणी मिळालं असणार. तलाव मात्र रिकामा झाला. तो पुन्हा भरायला स्वयंसेवकांनी रॅफल काढले, स्पर्धा घेतल्या, परवान्याचे पैसे जमवले आणि पिशव्या उचलल्या. भारतात हॅचरीचं हे चक्र उशिरा सुरू झालं. जिताड्याचं बीज बंदिस्त टाकीत तयार करण्यात चेन्नईच्या 'सीबा' या केंद्रीय संस्थेला १९९७ मध्ये यश आलं. त्याआधी खारेपाटातला प्रत्येक जिताडा खाडीतून उचललेला, म्हणजे खाडीतून एक मासा कमी करून तळ्यात एक वाढवलेला. आज हॅचरीचं बीज मिळतं तिथे खाडीला तेवढी उसंत मिळते. मला माझ्या कामाचा सगळ्यात मोठा अर्थ इथे वाटतो, शिकारीच्या थरारात तेवढा नाही.

धक्क्यावर बोट ट्रेलरवर चढवताना गाईडने मुद्द्याचं विचारलं. संघटनेकडे यंदा ठरावीक पैसे आहेत. पाच सेंटिमीटरची पुष्कळ पिल्लं घ्यावीत की पंचवीस-तीस सेंटिमीटरची मोजकी? लहान पिल्लं स्वस्त, पण त्यांतली फार थोडी जगतात; मोठी महाग, पण ती कॅटफिशच्या तोंडात मावत नाहीत. मी आधी अशा प्रश्नांना तक्त्यावर बघून उत्तर द्यायचे. त्या दिवशी पाण्याची कड बघून आले होते. पैशाचे दोन भाग करा, असं सांगितलं. मोठी पिल्लं झाडांच्या बाजूला सोडा. लहान पिल्लं धक्क्यावर ओतू नका, बोटीने त्या दक्षिणेच्या खाडीत न्या आणि वनस्पतींच्या दाट भागात थोडी थोडी सोडा, संध्याकाळ झाल्यावर, पाणकावळे झाडावर गेल्यावर. आणि पिशवीतलं पाणी तलावाच्या पाण्यात हळूहळू मिसळू द्या, घाई नको. त्याने वहीत लिहून घेतलं. फेब्रुवारीची तारीख ठरली. लहान पिल्लांची पुढची बॅच डिसेंबरअखेर टाकीत पडेल, म्हणजे जानेवारीभर आमच्याकडे चाळण्या चालू राहतील.